चौदा बाय नऊ

कोल्हापूर,
आषाढातला रविवार

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की दर आठवड्याला एक सिनेमा नाहीतर एक प्रदर्शन बघून होतं, पण पंधरा दिवसांनी विचारलं तर काय पाहिलं ते नीट सांगता येत नाही. आणि त्याच दमात विचारलंस, की हाताने केलेली पोस्टकार्डं घरी पाठवायची तर सुरुवात कशी करायची. हे दोन प्रश्न मला एकच वाटतात. पाहिलेल्यातली एकच गोष्ट निवडायची, ती चौदा बाय नऊ सेंटिमीटरच्या कार्डावर उतरवायची आणि एका ठरावीक माणसाला पाठवायची, एवढं केलंस की ती गोष्ट विसरली जात नाही. कारण कार्ड करायला दोन संध्याकाळी लागतात, आणि त्या दोन संध्याकाळी तू त्या एका दृश्यापाशीच बसलेली असतेस.

माझं मत लिनोच्या ठशाचं आहे, म्हणजे लिनोलियमच्या सपाट तुकड्यावर (ब्लॉकवर) चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. जलरंगाने कार्ड लवकर होतं, पण त्यात अर्धवट ठेवायला जागा असते. जरा पुसट, जरा धूसर, चालून जातं. लिनोत चालत नाही. पातं फिरलं तिथे पांढरं, राहिलं तिथे काळं. पडद्यावरच्या त्या चौकटीत खरा उजेड कुठे होता, हे तुला हातात पातं धरल्यावर ठरवावंच लागतं. शिवाय एका ब्लॉकवरून दहा-बारा प्रती निघतात, म्हणजे आजी, मामा, तुझ्या मैत्रिणी सगळ्यांना पुरतात.

आधी सिनेमाचं सांगते. थिएटरात फोन काढू नकोस. चोरून केलेलं चित्रीकरण गुन्ह्यात मोडतं, आणि नुसता फोटो काढला तरी डोळा आळशी होतो ते वेगळंच. तळहाताएवढी वही आणि ४बी पेन्सिल पर्समध्ये ठेव. आपल्याकडे मध्यंतर असतं, त्याचा उपयोग कर. दिवे लागले की आधी डोळे मीट आणि कोणता आकार उरला ते बघ. चेहरा बहुधा उरत नाही. दार उरतं, खिडकीचा चौकोन उरतो, पाठमोरा माणूस आणि त्याच्यापुढचा रस्ता उरतो. तेवढंच काडेपेटीएवढ्या चौकटीत दोन मिनिटांत काढ. सिनेमा संपल्यावर असंच आणखी एक चित्र काढ. घरी आल्यावर या दोनांतलं एक निवडायचं. ज्यात उजेड मागून किंवा बाजूने येतो ते लिनोला उत्तम. समोरून सपाट उजेड असलेली चौकट कितीही आवडली तरी सोडून दे, ठशात ती मरते.

पडद्याचा आकार कार्डावर आणायला विसरू नकोस. जुन्या मूकपटांची चौकट चारास तीन असते, म्हणून त्यांच्यासाठी ब्लॉक १० बाय ७.५ सेंटिमीटरचा काप. आजच्या बऱ्याच सिनेमांची १.८५ ची चौकट असते, म्हणजे रुंदी उंचीच्या १.८५ पट, तिला १३ बाय ७. अगदी रुंद पडद्यावरच्या २.३९ वाल्या सिनेमाला १३ बाय ५.४. रुंद चौकटीखाली कार्डावर मोकळी पट्टी राहते, तिथे सिनेमाचं नाव आणि पाहिल्याची तारीख पेन्सिलीने लिहायची. जुन्या चौकटीला ही जागा उजवीकडे मिळते. हा आकार पाळला नाही तर दृश्य ओळखीचं वाटत नाही, आणि चूक कुठे आहे तेही कळत नाही.

मराठी सिनेमा आणि छपाई यांचं नातं फार जवळचं आहे, हे तुला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी दगडी छपाईचं काम केलं आणि मग स्वतःचा छापखाना काढला. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो अशा माणसाचा, ज्याच्या हाताला शाई, ठसा आणि रंगांची मांडणी सवयीची होती. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नावातच चित्रकार. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीत ‘संत तुकाराम’सारखा सिनेमा करतात, तेव्हा त्यातली प्रत्येक चौकट चित्रासारखी रचलेली दिसते. १९३६ चा आहे, पुन्हा बघ. पण या वेळी गोष्ट बाजूला ठेव. काळं कुठे बसवलंय आणि पांढरं कुठे, तेवढंच बघ. मुंबईत चित्रकार एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत, तेही याच परंपरेतलं. होर्डिंग रंगवणारे छोट्या फोटोवर चौकटी आखत आणि तितक्याच चौकटी भल्यामोठ्या फलकावर आखून एकेक घर भरत जात. तू तेच लहान मापात कर. वहीतल्या चित्रावर सहा घरं आख, ब्लॉकच्या मापाच्या कागदावरही सहा घरं आख, आणि घरागणिक चित्र उतरव.

आता कागद. पोस्टाचं नेहमीचं कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, तेच माप धर. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद बरा, पण चमच्याने घोटून ठसा काढायचा तर २०० जीएसएमचा गुळगुळीत कागद घे. जाड खडबडीत कागद ब्लॉकला सगळीकडे टेकतच नाही, मग काळ्यात मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. एफोरच्या एका तावातून चार कार्डं निघतात. मोठा ताव ५६ बाय ७६ चा मिळाला तर १४ सेंटिमीटरची बाजू ७६ च्या बाजूने लाव. पाच गुणिले सहा, तीस कार्डं निघतात आणि कडा सरळ करायला थोडी जागाही उरते. उलटं लावलंस तर हिशेबात बत्तीस येतात, पण ५६ मध्ये चार चौदा तंतोतंत बसतात आणि तावाची कड कधीच तेवढी सरळ नसते. शेवटची आठ कार्डं आखूड होतात. कापताना स्टीलची पट्टी आणि कटर वापर, कात्री नको. आणि एका जोरात कापू नकोस, हलक्या हाताने तीन वेळा फिरव.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांचा कागद मिळाला तर थोडा घेऊन ठेव. ठसा त्याच्यावर फार सुंदर उमटतो, कारण कागद मऊ असतो आणि शाई धरून ठेवतो. मात्र काही हातकागदांवर खळ कमी असते आणि मागच्या बाजूला पेनची शाई फुटते. घेण्याआधी कोपऱ्यावर एक रेघ मारून बघायची. फुटत असेल तर चित्रासाठी तो ठेव आणि मजकूर बॉलपेनने लिही.

ब्लॉकवर चित्र उतरवायचं ते उलटं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढ, तो कागद पालथा लिनोवर ठेव, कडांना चिकटपट्टी लाव आणि मागून नखाने किंवा चमच्याने घास. ग्राफाइट लिनोवर उतरतं आणि आपोआप उलटं होतं. मग काळं राहणार तो सगळा भाग मार्कर पेनने भरून टाक. हे टाळावंसं वाटतं, पण टाळू नकोस. नाहीतर कोरताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं आणि ठेवायची जागा कापली जाते.

अक्षरं कोरायची असतील तर जपून. देवनागरी उलटी झाली की ‘प’चा काना डावीकडे जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे येते आणि मात्रा उलट्या दिशेला कलतात. एखादं अक्षर सुलटंच राहून जातं आणि ठसा काढल्यावर कळतं. कोरण्याआधी ब्लॉक आरशासमोर धर. आरसा नसेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून त्यात बघ, तिथे ते सुलटं वाचता येतं. काळी अक्षरं उठावात ठेवायची म्हणजे प्रत्येक अक्षराभोवती कोरत बसायचं, ते नवशिक्याचं काम नाही. काळी पट्टी ठेव आणि तिच्यात पांढरी अक्षरं कोर. तिथे वीच्या (इंग्रजी V आकाराच्या टोकाच्या) पात्याची एक रेघ म्हणजे अक्षराचा एक अवयव. उंची निदान ८ मिलिमीटर ठेव. ‘व’, ‘ब’, ‘ध’ यांच्या पोटात जे छोटं काळं बेट राहतं ते फार नाजूक असतं. दोन मिलिमीटरपेक्षा लहान झालं तर तिसऱ्या-चौथ्या ठशाला तुटून येतं. म्हणून पोट मोठं ठेव, अक्षर थोडं गुबगुबीत दिसलं तरी चालेल. शिरोरेषा शेवटी ओढ. आधी ओढलीस तर प्रत्येक अक्षर वर नेताना पातं तिच्यात घसरतं आणि रेघ दातेरी होते.

कोरायला वी आणि यू अशी दोनच पाती पुरतात. वीने कडा आणि बारीक रेघा, यूने मोकळी जागा साफ करायची. लिनो तीनेक मिलिमीटर जाड असतो, त्याच्या निम्म्यापर्यंत जायचं. खालचं तागाचं कापड दिसलं म्हणजे जास्त खोल गेलीस. ठेवायच्या रेघेची बाजू डोंगरासारखी पायथ्याला रुंद असू दे. पातं आत कलतं धरलंस तर रेघ खालून पोखरली जाते आणि दाब पडताच मोडते. पावसात लिनो गारठून कडक होतो, मग पातं अडखळतं आणि जोर लावला की सटकतं. अशा वेळी ब्लॉकवर कागद ठेवून कोमट इस्त्री दहा-पंधरा सेकंद फिरव. लोण्यासारखा कापला जातो. आणि एक नियम कधीही मोडू नकोस. ब्लॉक धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे. वळणदार रेघ कोरताना पातं वळवायचं नाही, ब्लॉक फिरवायचा. टेबलाच्या कडेला अडकेल अशी पट्टी ठोकलेली फळी सुताराकडून करून घेतली आहे, ती पार्सलात आहे. ब्लॉक तिला टेकवून कोर.

शाईवर जरा थांबते, कारण निम्म्या चुका इथेच होतात. पाण्यात मिसळणारी शाई धुवायला सोपी, पण कार्डावर पावसाचे चार थेंब पडले की चित्र वाहून जातं. पोस्टमनच्या थैलीत जुलै महिन्यात काय होतं ते तू बघतेसच. म्हणून तेलाची शाई. रिलीफची, म्हणजे अशा ठशांसाठीची खास शाई महाग वाटली तर छापखान्यात वापरतात ती ऑफसेटची काळी शाई थोडी आणायची. ती घट्ट असते, तिच्यात जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब घालून मळायची. जास्त तेल झालं तर वाळताना रेघेभोवती पिवळट तेलकट कड उमटते, आणि ती लगेच नाही, महिनाभराने दिसते.

काचेवर हरभऱ्याएवढी शाई घे, जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरव आणि रोलर उभा-आडवा फिरव. इथे कानाने काम करायचं. शाई बरोबर असेल तर रोलरखालून बारीक चर्रर आवाज येतो, तव्यावर पाण्याचा शिंतोडा उडावा तसा. पचपच ओला आवाज आला तर शाई जास्त आहे. डोळ्यालाही दिसतं. बरोबर शाईचा थर मखमलीसारखा असतो, जास्त झालेल्याला संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. ब्लॉकवर एकदम जाड थर देऊ नकोस. पातळ थर तीन-चार वेळा दे, दर वेळी काचेवरून नवी शाई घेऊन.

कागद वरून सरळ सोड, एकदा टेकला की हलवायचा नाही. त्यावर बटर पेपर ठेव आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे गोल गोल घोट. दोन मिनिटं तरी. एक कोपरा घट्ट दाबून ठेवून दुसरा अलगद उचल आणि बघ, फिकं असेल तिथे परत ठेवून घोट. पहिले दोन-तीन ठसे फिके येणारच, कारण नवा लिनो शाई पितो. ते वर्तमानपत्रावर काढायचे. ठिपके आले तर शाई कमी किंवा दाब कमी. बारीक रेघा भरून गेल्या तर शाई जास्त. तेव्हा नवी शाई न लावता वर्तमानपत्रावर दोन ठसे काढले की भरलेल्या रेघा मोकळ्या होतात. कड दुहेरी दिसली तर कागद सरकला. कोरलेल्या मोकळ्या जागेतल्या उंचवट्यांच्या काही रेघाही ठशात उमटतात. त्या सगळ्याच कापून टाकू नकोस. आकाशात त्या वाऱ्यासारख्या दिसतात. चेहऱ्यावर आल्या तर मात्र काढ.

ठसे दोरीला चिमट्यांनी टांगून वाळव. तेलाची शाई हवेने वाळते, म्हणून एकावर एक रचायची नाही. उन्हाळ्यात तीन दिवस, सध्याच्या दमट हवेत आठवडासुद्धा लागेल. अंगठा हलका दाबून काही लागलं नाही तरच पाठवायचं, नाहीतर पेटीत शेजारच्याच्या पांढऱ्या पाकिटावर डाग उतरतो. ब्लॉक आणि काच आधी खायच्या तेलाने पुसून मग साबणाच्या फडक्याने पूस. ब्लॉक पाण्यात बुडवायचा नाही, मागचं तागाचं कापड फुगतं आणि ब्लॉक वाकतो. जवसाचं तेल लागलेली चिंधी बोळा करून डब्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना आतून तापतं आणि बोळा पेटू शकतो. होस्टेलवर ही काळजी घेच. पसरून वाळव, नाहीतर पाण्यात भिजवून टाक.

पाच-सहा कार्डं झाली की दुसरा रंग करावासा वाटेल. त्यासाठी दुसरा ब्लॉक नको. त्याच ब्लॉकवर थोडं कोरून आधी फिका रंग सगळ्या कार्डांवर छापायचा, मग त्याच ब्लॉकमधून आणखी कोरून गडद रंग त्यावर छापायचा. यात मागे जाता येत नाही, आधीचा ब्लॉक कोरल्याबरोबर संपतो. म्हणून दहा कार्डं हवी असतील तर तेरा छापायला घ्यायची. दोन्ही रंग जुळायला पुठ्ठ्याचे दोन काटकोन फळीवर चिकटव, एक ब्लॉकसाठी आणि एक कागदासाठी, आणि दर वेळी दोघांना त्याच कोपऱ्यात बसव. पहिला रंग वाळायच्या आत दुसरा छापू नकोस. प्रत्येक टप्प्याची एकेक प्रत बाजूला ठेव. फाळक्यांनी सिनेमा शिकताना कुंडीतल्या वाटाण्याचा वेल थोडा थोडा टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. तुझ्या त्या प्रती एकामागून एक लावल्या तर चित्र तसंच वाढताना दिसेल.

प्रदर्शनांचं थोडं वेगळं आहे. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी तुला चालत जाण्यासारखी आहे. १९५२ पासून उभी आहे आणि तिकीट नाही. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात आणि चित्रकार बहुतेक वेळा स्वतः हजर असतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी गर्दीत चित्र दिसत नाही. बुधवारी-गुरुवारी दुपारी जा. जवळच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला सोमवारी सुट्टी असते आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला बुधवारी.

आत गेल्यावर पहिली फेरी दहा मिनिटांची, एकही पाटी न वाचता. मग ज्या तीन चित्रांपाशी पाय थांबले तिथेच परत जा. आता पाटी वाच. मापात आधी उंची असते, मग रुंदी. बाजूने, भिंतीला जवळजवळ गाल लावून बघावं तसं बघ. रंग कुठे जाड, कुठे कॅनव्हासचे धागे उघडे, कुठे खरवडलेलं, ते उजेडात बाजूनेच दिसतं. पाटीवर ‘प्रिंट’ लिहिलं असेल तर दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग काढ. यंत्राने छापलेल्या पुनर्मुद्रणात रंगांचे बारीक बिंदू दिसतात. लिनो किंवा लाकडाच्या ठशात बिंदू नसतात, उलट रेघेच्या कडेला दाबाने सरकलेल्या शाईची किंचित गडद कड दिसते. धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या ठशात चित्राभोवती कागदात पत्र्याचा दाब उमटलेला असतो. खाली पेन्सिलीने ३/१२ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे बारा प्रतींतली तिसरी. जे. जे.च्या वार्षिक प्रदर्शनाला मुद्रणचित्रांच्या विभागात जाऊन हे सगळं एका ठिकाणी बघता येतं. विद्यार्थी विचारलं की मनापासून सांगतात.

पाहिलेल्या चित्राची नक्कल कार्डावर करायची नाही. ते चित्र दुसऱ्याचं आहे, आणि बोटभर नकलेत त्यातलं काही उरतही नाही. त्याऐवजी तीन रंग निवड आणि ते वहीत शब्दांत लिहून घे. ‘गडद हिरवा’ असं लिहिलंस तर घरी काही आठवणार नाही. ‘शेवग्याच्या पानाचा हिरवा’, ‘न घासलेल्या पितळेचा पिवळा’, ‘ओल्या कौलाचा लाल’ असं लिही. रात्री जलरंगात ते मिसळून कार्डावर तीन पट्टे ओढ. चित्रात ज्याने जास्त जागा घेतली त्याचा पट्टा रुंद. असं कार्ड करायला वीस मिनिटं लागतात, आणि आजीला ते मिळालं की ती शेवग्याचं पान शेजारी धरून बघेल. जलरंगाचं कार्ड आधी चारी कडांना कागदी चिकटपट्टीने फळीवर चिकटव, नाहीतर वाळताना वाकतं. पूर्ण वाळल्यावर पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने चित्रावरून फिरवली तर पावसाच्या थेंबाने रंग लगेच फुटत नाही. फक्त चित्राच्या बाजूलाच. मेण तिकिटाच्या जागी लागलं तर तिकीट गळून पडतं.

मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, वर उजव्या कोपऱ्यात तिकीट. जेल पेन किंवा शाईचं पेन पत्त्याला वापरू नकोस. बॉलपेनची शाई तेलाची असते, भिजली तरी वाचता येते. मजकुराला सात बाय नऊची जागा, त्यात नऊ ओळी, चाळीसेक शब्द. एवढ्यात गोष्ट सांगता येत नाही आणि सांगूही नये. ‘छान होता’, ‘नक्की बघा’ यांनाही जागा नाही. पुढे जे कोरलं आहे त्याचंच काय ते सांग. उदाहरणार्थ: ‘म्हातारा दार ओढून घेतो आणि खोलीत फक्त फटीतून येणारा उजेड राहतो. पुढे कितीतरी वेळ तो त्या उजेडात हात धरून बसतो. ती फट पुढे कोरली आहे.’ वाचणाऱ्याला कार्ड उलटून परत बघावंसं वाटलं की काम झालं.

पिनकोडचे सहा आकडे सुटे सुटे काढ. १९७२ च्या १५ ऑगस्टपासून ते आहेत, आणि ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, संस्कृतचे विद्वान. आपला पहिला आकडा ४. तुझ्या अक्षरातला ४ आणि ५ सारखा दिसतो, तेवढा सुधार. २०० जीएसएमचं कार्ड अडीच ग्रॅमचं भरतं आणि ३०० चं चार ग्रॅमच्या आत, पण हाताने केलेल्या कार्डाला किती तिकीट लागतं ते काउंटरवर दाखवून विचार. कमी लावलंस तर ज्याला कार्ड मिळतं त्याला दंड भरावा लागतो. कार्डावर टिकल्या, आरसे, दोरा, चमकी काही चिकटवू नकोस. शिक्का मारताना ते तुटतं आणि दुसऱ्याच्या टपालालाही ओरखडे पडतात. मल्टिप्लेक्सचं तिकीटही चिकटवू नकोस, तो उष्णतेवर छापणारा कागद असतो, वर्षभरात अक्षरं उडतात.

जमलं तर पहिलं कार्ड जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीत जाऊन काउंटरवरच दे आणि शिक्का हाताने मारायला सांग. तो चित्रावर न पडता तिकिटावर नीट पडतो. इमारतीचा घुमट वर मान करून बघ. १९१३ ची आहे, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच वर्षीची. आणि तिथेच तिकीटसंग्रहाच्या खिडकीवर चांगली तिकिटं मिळतात. चित्राच्या रंगाला शोभेल असं तिकीट निवडायला दहा मिनिटं दे, कार्डाचा तोही भाग आहे.

पार्सलात फळी, रोलर, वी आणि यू पाती, लिनोचे सहा तुकडे आणि कापलेली तीस कार्डं आहेत. पात्यांची टोकं बुचात खोचली आहेत, उघडताना जपून. रोलर काम झाल्यावर खिळ्याला टांग, तोंडावर ठेवलास तर एका बाजूने चपटा होतो आणि शाईत दर फेरीला एक पांढरी पट्टी पडते. आजीसाठीच्या कार्डावर अक्षर मोठं काढ, ओळी सहाच ठेव. तिला हल्ली फिका रंग दिसत नाही, तेव्हा काळ्यात पांढरं कोरलेलंच पाठव.

तुझी,
आई

ता. क. जवसाचं तेल मुद्दाम पाठवलेलं नाही, पार्सलात सांडतं. रंगाच्या दुकानात छोटी बाटली मागायची आणि ‘कच्चं की उकळलेलं’ विचारतील तेव्हा कच्चं सांगायचं. उकळलेलं फार लवकर साय धरतं आणि शाई काचेवरच चिकट होते.